गेमचं संगीत: पहिला लूप बांधताना

गेमसाठी संगीत करायचं ठरलं की बहुतेक जण आधी ऑर्केस्ट्राच्या लायब्रऱ्या (मुद्रित वाद्यांच्या आवाजांचे संच) उतरवत बसतात. हार्ड डिस्क भरते, आणि संगीत मात्र एकाही गेममध्ये वाजत नाही. सुरुवात उलट्या टोकाकडून करा. दीड मिनिटाचा एक लूप, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजणारा तुकडा लिहा, फुकट मिळणाऱ्या एखाद्या गेम इंजिनमध्ये (ज्यात गेम बांधतात आणि चालवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका आणि दुसरं काहीतरी करत अर्धा तास सलग ऐका. या धंद्यातल्या निम्म्या अडचणी एवढ्यातच भेटतात.

अर्धा तास अशासाठी, की एखाद्या लेव्हलवर खेळाडू चाळीस मिनिटं अडकला तर ९० सेकंदांचा लूप जवळपास २७ वेळा वाजतो. सिनेमातला प्रसंग किती लांब आहे हे संगीतकाराला आधी कळलेलं असतं. गेममध्ये मात्र समोरचा दहा सेकंदांत दार शोधेल की पॉज न करताच उठून जाईल, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इथे धून रचण्याइतकंच महत्त्व ती कधी वाजेल, कधी थांबेल आणि कशात मिसळेल या ठरवाठरवीला आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खर्जातल्या चार उतरत्या सुरांपलीकडे काहीच नव्हतं, पण शत्रू कमी होत जातील तशी त्यांची लय चढायची. युक्ती तेवढीच, आणि आजही कामाची.

सामानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डीएडब्ल्यू, म्हणजे संगीत मुद्रित करून जुळवायचं सॉफ्टवेअर, जो हाताला बसेल तो घ्या. रीपर ६० दिवस विनाअट वापरून बघता येतं आणि लूप रेंडर करायला (तयार ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढायला) ते फार सोयीचं आहे. वाद्यांसाठी व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे फुकटचे सिंथ (कृत्रिम आवाज घडवणारी सॉफ्टवेअर-वाद्यं), ऑर्केस्ट्रा हवाच असेल तर स्पिटफायरचं बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर. संगणकाला जोडायचा २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, बरे हेडफोन आणि तपासायला फोनचा स्पीकर. झालं. वाद्यांच्या गर्दीत काय निवडावं सुचत नसेल तर स्वतःला जुन्या एनईएस कन्सोलचं बंधन घाला: दोन पल्स आणि एक ट्रँगल हे साध्या लहरींचे आवाज, आणि एक नॉइज, म्हणजे नुसती खरखर. पाचवा चॅनल होता, पण तो मुद्रित आवाजांसाठी, तो सोडून द्या. चार आवाजांत धून, बास आणि ठेका उभा करता आला की मांडणी आपोआप शिकून होते.

सांधा

लूपमधली सगळ्यात त्रासाची जागा म्हणजे शेवट आणि सुरुवात जुळतात तो सांधा. तो बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण गणिताचं. ४८,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मापं (सॅम्पल) ठेवणाऱ्या प्रोजेक्टमध्ये १२० बीपीएम (मिनिटाला १२० मात्रा) ठेवले तर एक मात्रा बरोबर २४,००० सॅम्पलची होते, चार मात्रांचा बार ९६,००० चा आणि १६ बार १५,३६,००० सॅम्पलचे, म्हणजे ३२ सेकंद. सगळे आकडे पूर्ण. आता १४० बीपीएम घेऊन बघा: एक मात्रा २०,५७१.४३ सॅम्पल. अर्धं सॅम्पल फाइलमध्ये ठेवता येत नाही. एकच लूप असेल तर हा फरक कुणाच्या कानाला कळणार नाही, पण त्याच गाण्याचे बारबारचे तुकडे करून इंजिनमध्ये जोडायचे असतील तर प्रत्येक तुकड्याला थोडी थोडी तूट साठत जाते. त्यामुळे सुरुवातीला ९०, ९६, १००, १२०, १२५, १२८ यांतला वेग घ्या. ४८ हजारांवर या सगळ्यांची मात्रा पूर्णांकात येते.

दुसरं कारण रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमत राहणारा आवाज. शेवटच्या बारमधल्या सुराची शेपटी फाइलच्या टोकाला कापली जाते आणि लूप पुन्हा सुरू होताना खोली एकदम कोरडी पडल्यासारखी वाटते. उपाय सोपा आहे. डीएडब्ल्यूमध्ये सगळी रचना एकापुढे एक दोनदा मांडा आणि फक्त दुसरी प्रत रेंडर करा. पहिल्या प्रतीची शेपटी दुसरीच्या सुरुवातीवर पडलेली असते, त्यामुळे टोकाला जे कापलं गेलं ते सुरुवातीला परत भेटतं. रीपरच्या रेंडर खिडकीत याच कामासाठी दुसऱ्या फेरीचा पर्याय आहे, तो टिकमार्क केला की मांडामांड वाचते. यात एक खोड आहे: गेममध्ये लूप पहिल्यांदा वाजतो तेव्हा न वाजलेल्या सुराची शेपटी ऐकू येते. शांत पॅडमध्ये (लांब धरलेल्या मऊ सुरांत) ती खपून जाते. खटकत असेल तर एकदाच वाजणारी सुरुवात वेगळ्या फाइलमध्ये द्या आणि तिच्यामागे लूप लावा.

‘क्लिक येतोय’ म्हणून टोकांना फेड लावण्याचा, म्हणजे आवाज हळूहळू चढवण्या-उतरवण्याचा मोह होईल. लावू नका. क्लिक जाईल आणि त्या जागी दर दीड मिनिटाला एक खड्डा येईल. क्लिक आला म्हणजे एकतर कापणी चुकीच्या जागी झाली आहे, नाहीतर एखाद्या सिंथचा एलएफओ (आवाजाला संथपणे हलवत ठेवणारी लहर) टेंपोला न बांधता मोकळा फिरतोय आणि टोकाला भलत्याच ठिकाणी पोहोचतोय. त्याला टेंपोशी सिंक करा, आणि त्याचं चक्र लूपच्या लांबीत पूर्ण बसतंय ना ते बघा.

तिसरं कारण एमपी३. एमपी३ आवाज १,१५२ सॅम्पलच्या फ्रेममध्ये बांधते, आणि एन्कोडर (ती फाइल बनवणारा प्रोग्राम) फाइलच्या पुढेमागे शांतता भरतो. ४८ हजारांवर एक फ्रेम २४ मिलिसेकंदांची. ठेक्यात एवढा गचका स्पष्ट कळतो. डीएडब्ल्यूमध्ये लूप स्वच्छ आणि गेममध्ये अडखळतोय, असं झालं तर आधी फाइलचा प्रकार बघा. लूपसाठी वेव्ह किंवा ऑग व्हॉर्बिस वापरा. डेव्हलपरला वेव्हच पाठवा आणि आवळायचं काम इंजिनवर सोडा. १६ बिट, ४८ हजार, स्टिरिओ वेव्ह मिनिटाला ११.५२ एमबी होते, त्यामुळे गेममध्ये ती तशीच क्वचित राहते.

एवढं करूनही लूप ‘कळतो’, कारण सांधा सुरांतही असतो. शेवटी भरभक्कम समेवर येऊन थांबलात तर पुढचं आवर्तन म्हणजे गाणं पुन्हा लावल्यासारखं वाटतं. शेवटचा बार अधांतरी ठेवा, सम पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडू द्या. पहिल्या बारवर क्रॅश झांज ठेवू नका. ती दर वेळी ‘आता पहिल्यापासून’ अशी दवंडी पिटते. आणि लक्षात राहणारी धून पूर्ण लूपमध्ये एकदाच, मध्यावर कुठेतरी. चार-चार बारांच्या चौकटीऐवजी पाच आणि सात बारांची वाक्यं केली तर कानाला शिवण सापडत नाही. २७ वेळा ऐकून वीट येतो तो बहुधा धुनीचाच, पार्श्वभूमीचा नाही.

थर

एका लूपवर हात बसला की त्याचे थर करा. समजा, जंगलात हिंडण्याचं संगीत आहे: ९६ बीपीएम, २४ बार, बरोबर ६० सेकंद. पहिला थर पॅड आणि खर्ज, दुसरा छेडलेल्या तारांची धून, तिसरा ताल, चौथा तंतुवाद्यांची धावती आवृत्ती. गेममध्ये चारही एकाच क्षणी सुरू होतात आणि सतत चालू राहतात. शत्रू जवळ येईल तसा फक्त त्यांचा आवाज वरखाली होतो.

यात नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक मास्टर ट्रॅकवरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तिथल्या लिमिटरची. लिमिटर ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबतो. चारही थर एकत्र वाजताना लिमिटर एका रीतीने दाबतो आणि एकेक थर रेंडर करताना दुसऱ्या रीतीने, त्यामुळे गेममध्ये ते एकत्र आले की तुम्ही ऐकलेलं मिश्रण मिळतच नाही. थर रेंडर करताना मास्टर कोरा ठेवा. सारख्या आवाजाचे चार वेगवेगळे थर एकत्र आले की पातळी साधारण ६ डेसिबलने चढते, तेवढी जागा आधीच सोडा. ज्या थरात पहिले आठ बार काहीच वाजत नाही तोही पूर्ण २८,८०,००० सॅम्पलचाच हवा. शांतता आपोआप छाटणारा पर्याय कुठे चालू राहिला असेल तर ताल आठ बार लवकर येतो, आणि दोष इंजिनचा समजून डेव्हलपर दिवसभर कोड तपासत बसतो.

चार थरांच्या जुळण्या होतात १५. गेम त्यांना क्रमानेच चढवणार असेल तर चारच तपासा. कुठलाही थर कधीही चालू-बंद होणार असेल तर पंधराही ऐकाव्या लागतात, आणि नुसता ताल अधिक धावत्या तारा ही जुळणी हमखास केविलवाणी निघते.

इंजिनच्या बाजूने: गोडोच्या ४.३ आवृत्तीपासून ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइझ्ड हे साधन थर एकत्र बांधून ठेवतं, तर ऑडिओस्ट्रीमइंटरॅक्टिव्ह एका भागातून दुसऱ्यात जायचे नियम सांभाळतं. युनिटीत चार ऑडिओसोर्सना एकापाठोपाठ प्ले म्हटलं तर ते सॅम्पलबरहुकूम एकत्र सुरू होतील याची खात्री नसते. डीएसपी टाइम (युनिटीचं ऑडिओचं घड्याळ) वाचून, थोडी पुढची वेळ देऊन प्लेशेड्यूल्ड ही आज्ञा वापरा. कोड लिहायचाच नसेल तर एफमॉड स्टुडिओ हे गेममधला आवाज जुळवायचं सॉफ्टवेअर शिका. पॅरामीटरची एक पट्टी सरकवून थर कसे चढतात ते तिथेच ऐकता येतं. मोठ्या प्रकल्पांत तसलंच वाइजही भेटेल, पण एक नीट आलं की दुसरं अवघड जात नाही.

बदलाची वेळ

हिंडण्यातून लढाईत जाताना नवीन भाग पुढच्या बारवर सुरू करायचा, हा सरळ नियम. ९६ बीपीएमला एक बार अडीच सेकंदांचा. बार नुकताच सुरू झालाय आणि तेवढ्यात शत्रू समोर आला, तर पुढचे जवळजवळ अडीच सेकंद बासरी निवांत वाजत राहते आणि खेळाडूला पहिला वार बसून गेलेला असतो. मात्रेवर बदल केला तर जास्तीत जास्त ०.६२५ सेकंद थांबावं लागतं, पण धून मध्येच तुटते. त्या तुटीवर एक छोटा ठोका टाका: एक-दोन सेकंदांचा स्टिंगर, ढोलासारखा आघात आणि वर नुसता षड्ज-पंचम. गंधार टाळलात तर तो कोमल-शुद्ध कुठल्याही सुरावटीवर बसतो.

लढाईतून परतताना मात्र घाई नको. शत्रू नजरेच्या टप्प्यातून आत-बाहेर करत असेल तर संगीतही दर दोन सेकंदांनी फडफडतं. ‘शत्रू दिसेनासा झाल्यावर पाच सेकंद थांब, मग उतर’ असा नियम डेव्हलपरकडून घालून घ्या. वेगळ्या सुरावटीच्या दोन भागांत क्रॉसफेड करताना, म्हणजे एक उतरवत दुसरा चढवताना, इक्वल पॉवर वक्र निवडा. सरळ रेषेच्या फेडने मध्यावर आवाज बसतो.

लाउडनेसचं थोडक्यात. सोनीच्या शिफारशीत घरच्या कन्सोलसाठी उणे २४ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक), दोन इकडेतिकडे, आणि हातातल्या उपकरणांसाठी उणे १८, असे आकडे आहेत. ते संवाद आणि इफेक्टसह संपूर्ण गेमचे आहेत, एकट्या संगीताचे नाहीत. त्यामुळे ट्रॅक दाबून मोठा करण्यात अर्थ नाही, डेव्हलपर तो खाली ओढणारच. त्यापेक्षा संवाद चालू असतील तिथे १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये मुख्य वाद्य बसवू नका, आणि बासची चाल फोनच्या स्पीकरवर ऐकू येते का बघा. येत नसेल तर तीच चाल एक सप्तक वर हलकेच दुणवा.

पहिलं काम

पहिलं काम मिळवायला गेम जॅमसारखी, म्हणजे ठरावीक वेळात गेम बनवायच्या मेळाव्यासारखी जागा नाही. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, ग्लोबल गेम जॅम जानेवारीत असतो. ४८ तासांत एक मुख्य लूप, एक मेनूचा आणि हार-जीतचे दोन स्टिंगर एवढंच कबूल करा. पहिल्या तीन-चार तासांत कच्चा लूप टीमच्या हातात द्या, भले त्यात नुसता ठेका आणि बास असो. शेवटच्या तासात दिलेली सुंदर फाइल बहुधा गेममध्ये पोहोचतच नाही.

पैशाचं काम असेल तर दर तयार मिनिटावर ठरतो, आणि इथेच पाय घसरतो. चार थरांचं एक मिनिट हे एक मिनिट की चार, हे आधी लिहून घ्या. दुरुस्तीच्या फेऱ्या किती (दोन पुरेत), हक्क पूर्ण विकले की फक्त त्या गेमपुरता परवाना, साउंडट्रॅक वेगळा विकायचा अधिकार कुणाचा, श्रेयनामावलीत नाव कसं येणार, हेही त्याच कागदावर. वितरकामार्फत साउंडट्रॅक टाकताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा (व्हिडिओतलं संगीत ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेचा) रकाना डोळे झाकून टिकमार्क करू नका. गेम खेळून दाखवणाऱ्यांच्या व्हिडिओंवर दावे लागतात आणि त्यांच्या शिव्या डेव्हलपरला खाव्या लागतात. शिवाय रचनेत बाजारातला तयार लूप वापरला असेल तर तो हजार जणांकडे असतो, त्यावर तसा दावा तुम्हाला करताच येत नाही.

फाइली पाठवताना नावात मोकळी जागा नको, सगळी अक्षरं लहान, आणि क्रम कायम तोच: प्रकार, जागा, थर, बीपीएम, आवृत्ती. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्यात प्रत्येक ट्रॅकचा वेग, पट्टी, बार, सॅम्पलची नेमकी संख्या, लूप आहे की एकदाच वाजायचं, आणि कुठल्या घटनेवर सुरू किंवा बंद व्हायचं, एवढं लिहा.