मोठ्या मायचं दुभत्याचं कपाट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पारोळ्याकडे गेले होते. गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे मोठ्या मायचं दुभत्याचं कपाट दिसलं. एक दार निखळलेलं, जाळी गंजलेली, वर कोंबडीनं घर केलेलं. लहानपणी याच जाळीला नाक लावून मी साय कुठल्या पातेल्यात आहे ते बघायचे. भाऊ म्हणाला, "ताई, भंगारवाला दोनदा विचारून गेला." त्याच संध्याकाळी ते छोट्या हत्तीत टाकून अमळनेरला आणलं.

आई सोबत आली होती. मी रंग देणार म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "सागले कोनी रंग लावस का, माय?"

तिचं खरंच होतं. चांगल्या सागाला रंग देऊ नये, हे माझंही मत आहे. पण या कपाटाची चौकट आणि दारं तेवढी सागाची. बाजूच्या फळ्या कधीतरी बदललेल्या, आंब्याच्या, आणि सगळ्यावर हिरव्या ऑइल पेंटचे थर. तेव्हा ठरवलं, दारं खरवडून लाकूड मोकळं करायचं, बाकीच्याला चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा मॅट रंग.

चुलीच्या धुराचा चिकट थर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं निघाला, पण तीनदा धुवावं लागलं. मग पॉलिश पेपर. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. हा हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासलंच नाही. पाणी मारत वॉटर पेपरनं घासलं, तोंडाला मास्क, भाचरांना अंगणात यायची बंदी, आणि निघालेला सगळा लगदा कागदात गुंडाळून वेगळा ठेवला.

चॉक पेंट हे नाव आणि तयार रंग इंग्लंडच्या अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० साली आणला. त्यांच्या डब्यात नेमकं काय असतं ते त्यांचं. घरी करतात तो प्रकार साधा आहे: इमल्शनमध्ये पांढरी भुकटी मिसळायची, की रंग मॅट होतो आणि गुळगुळीत पृष्ठभागालाही धरून बसतो. मी आधी प्लास्टर ऑफ पॅरिस घेतलं. एक फळी होईतो बादलीत दही लागलं, दुसऱ्या फळीला दगड. पीओपी पाणी पिऊन घट्ट होणारच, तो त्याचा धर्म. मग हार्डवेअरच्या दुकानातून चॉक पावडर आणली, पेंटर लोक लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, करायला वापरतात तीच. ती पाण्यानं घट्ट होत नाही. तीन वाट्या इमल्शनला एक वाटी पावडर. पावडर आधी थोड्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवायची, मग रंगात घालून जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. हे गाळणं टाळू नका. एक खडा राहिला तरी ब्रशमागे ओरखडा उठतो.

मे महिना, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस. दुपारी ब्रश फळीच्या मध्यापर्यंत जाईतो रंग सुकायचा. म्हणून पहाटे साडेपाचला अंगणात, आठला काम बंद.

पहिला हात सायीच्या रंगाचा दिला. दुसऱ्या दिवशी चौकटीवर चहा सांडल्यासारखे पिवळट डाग. रंगातल्या पाण्यानं सागाच्या अंगचं वर आलं होतं. वरून आणखी दोन हात दिले तरी ते आरपार दिसत राहिले. शेवटी गल्लीतल्या सुतारकाकांनी विचारलं, "चपडी नाही मारली?" स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे लाखच, तिचे दोन पातळ हात. त्यावर पुन्हा रंग. डाग थांबले. शंभर व्हिडिओ बघून मला ही गोष्ट सापडली नव्हती.

वरून मधमाशीचं मेण टर्पेंटाईनमध्ये मिसळून लावलं. पहिल्यांदा जाड लागलं, आणि या उन्हात ते वाळेचना. बोटांचे ठसे उमटत राहिले. सगळं पुसून काढलं, मग फडक्याच्या टोकावर येईल इतकंच घेतलं आणि हात दुखेस्तोवर घासलं. आता स्पर्श कसा, तर नुकत्याच सारवलेल्या, वाळलेल्या भिंतीसारखा.

दोन जागा मात्र मी सोडल्या. आतल्या फळ्यांना काहीच लावलं नाही, खाण्याच्या वस्तू ठेवायच्या आहेत. आणि उजव्या दाराच्या आत खिळ्यानं ओढलेल्या बारीक रेघा सापडल्या, पाच-पाचच्या जुड्या, रतिबाच्या दुधाचा हिशेब. मोठ्या मायला अक्षर येत नव्हतं. तिथे पॉलिश पेपर फिरवला नाही, फक्त ओल्या फडक्यानं पुसलं.

पायही मी रंगवणार होते. आईनं हात धरला. "पाय ऱ्हाऊ दे." म्हणून खालची वीतभर जागा जुन्या हिरव्या ऑइल पेंटचीच आहे.

नवी जाळी बसली त्या दिवशी तिनं कपाट स्वयंपाकघरात ओढून घेतलं, चार वाट्या आणल्या, एकेका पायाखाली सरकवल्या आणि मुंग्यांसाठी पाणी भरलं. मग सायीचं पातेलं आत ठेवून दार लावलं.