हेफ्त्सीबा

शनिवार, रात्र

नव्याचा सण जवळ आला. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, हेच म्हणत आले आहेत. सणाआधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 61:10 ते 63:9 हा भाग वाचतात. सांत्वनाच्या सात पाठांतला शेवटचा. त्यातल्या 62:4 मध्ये यरुशलेमचं नाव बदललंय: यापुढे तुला कुणी ‘अझूबा’ म्हणणार नाही, ‘हेफ्त्सीबा’ म्हणतील.

अझूबा म्हणजे टाकलेली. नवऱ्याने टाकलेली म्हणतात ना, तीच. आणि हेफ्त्सीबा हे अख्खं वाक्यच आहे: ‘हेफ्त्सी’ माझा आनंद, ‘बा’ तिच्यात.

नावांच्या याद्यांत इथवर सगळं असतं. सुटतं ते हे, की दोन्ही नावं खऱ्या बायकांची होती, त्याही राजमातांची. यहूदाच्या यहोशाफाट राजाची आई अझूबा (1 राजे 22:42). तिथल्याच हिज्कीया राजाची राणी, मनश्शे राजाची आई, हेफ्त्सीबा (2 राजे 21:1). मुलीला कुणी ‘टाकलेली’ असं नाव का ठेवावं, ते लिहिलेलं नाही. पण ‘नकुशी’ ठाऊक असलेल्यांना फार नवल वाटू नये. साताऱ्यात 2011 साली अशा मुलींची नावं समारंभाने बदलली. यशयाचं वचन मला त्याच जातीचं वाटतं.

राणीबद्दल माहिती जेमतेम एका ओळीची. मुलगा बाराव्या वर्षी गादीवर आला, 55 वर्षं राज्य केलं आणि मूर्तिपूजेपायी बदनाम झाला. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (33:1) तीच हकीकत येते, पण आईचं नाव गाळून. नाव दुर्मीळ राहिलं त्यात लेकाच्या कीर्तीचाही हात असावा, असा आपला माझा तर्क. अलीकडच्या काळात ठळक आठवते ती पियानोवादक हेफ्त्सीबा मेन्युहिन (1920–1981), अय्यंगारांकडे योग शिकलेल्या व्हायोलिनवादक येहूदी मेन्युहिनची बहीण.

लिहिताना मात्र जपावं लागतं. हिब्रूत शेवटच्या ‘हे’ अक्षराच्या पोटात टिंब असतं, मप्पीक. म्हणजे तो ह मुका नाही, हलका उच्चारायचा. ‘तिच्यात’मधली ‘ती’ त्याच ह मध्ये आहे. मूळ पाठात मधे जोडरेघ आहे आणि स्वरामागून आल्याने ब मऊ होतो, म्हणून पाठ वाचणारा ‘हेफ्त्सी-वाह्’ म्हणतो. हाक मारताना ‘बा’च. पहिलं अक्षर खेत, घशातून येणारं, ह आणि ख यांच्या मधलं.

मधल्या त्सादे या अक्षराचा आजचा उच्चार आपल्या ‘चमचा’तल्या च सारखा. पण तो च इथे कामाचा नाही, कारण पुढे ई आली की मराठी जीभ ‘चिमणी’तला च काढते. म्हणून ‘त्सी’च लिहावं. ‘हेफझिबा’ इंग्रजी स्पेलिंगवरून उचललेलं आहे, त्यात त्सादेचा पत्ताच नाही.