भजनाच्या रेकॉर्डिंगमधली शांतता काढताना – माझा अनुभव

आमच्या लालबागच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग एडिट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बरे हेडफोन माझ्याकडेच. बुवा, पेटी, पखवाज आणि टाळ-कोरस असे चार माईक, चार वेगळे ट्रॅक. मे महिन्यात पंखा बंद करायचं नाव काढलं असतं तर मंडळच उठून गेलं असतं, आणि करी रोड स्टेशन जवळ, म्हणजे लोकलची घरघर फुकटात. बुवा गात नसले की त्यांच्या ट्रॅकवर हेच सगळं ऐकू येतं, ते काढायचं होतं.

नेटवर जो तो सांगतो ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) ट्रंकेट सायलेन्स, म्हणजे शांतता कापायचा इफेक्ट, मारा, झालं काम. पॉडकास्ट असेल तर झालंच. पण ते शांत तुकडा कापून पुढचं सगळं अलीकडे सरकवतं, आणि गाण्यात दोन ओळींमधली जागासुद्धा मात्रा मोजूनच असते ना. त्यात ट्रॅक स्वतंत्रपणे कापायचा एक ऑप्शन आहे, तो टिक केला की प्रत्येक ट्रॅक आपापल्या हिशोबाने आखडतो, मग बुवा समेवर आणि पखवाज भलतीकडेच. टिक काढला की सगळे ट्रॅक एकदम शांत असतील तिथेच कात्री लागते, ते मी फक्त दोन अभंगांमधला वेळ कमी करायला वापरलं. "आता कुठला घ्यायचा?" ही चर्चा काही शांत नसते, ती हातानेच कापली.

अभंगाच्या आतलं काम रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. तिथे ऑटो ट्रिम स्प्लिट आहे, ते शांत भाग काढून टाकतं पण बाकीचे तुकडे जागचे हलत नाहीत, संगीताला हेच पाहिजे. किती पातळीखालचा आवाज शांतता धरायचा ती मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. लोकलची घरघर त्याच्या वर गेली की सॉफ्टवेअरला वाटतं कोणीतरी गातंय, म्हणून आधी बुवांच्या ट्रॅकला ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे जड आवाज गाळणारा फिल्टर) लावून रेंडर करून, म्हणजे त्याची नवी फाइल बनवून घेतली. पखवाजाला अजिबात नाही हां, त्याचा सगळा घुमारा खालीच असतो. पंखा साधारण मायनस ५० डीबीच्या आसपास दिसत होता म्हणून थ्रेशोल्ड त्याच्या थोडा वर, मायनस ४२ ठेवला.

आणि खरी गंमत इथे झाली. 'हरी'चं 'अरी' झालं! 'ह' म्हणजे नुसती हवा, थ्रेशोल्डच्या खालीच राहतो, सॉफ्टवेअर त्याला शांतता समजून खातं. 'स'चंही थोडंफार तेच. बुवांनी ऐकलं असतं तर टाळ फेकून मारला असता. थ्रेशोल्ड खाली आणला तर पंखा परत आत येतो, त्यामुळे त्याला हात न लावता लीडिंग पॅड १५० मिलिसेकंद केला, म्हणजे आवाज सुरू व्हायच्या जरा आधीपासून तुकडा धरतो, श्वासही राहतो आणि 'ह'ही. ओळीच्या शेवटी आवाज विरत जातो तिथे ट्रेलिंग पॅड अजून जास्त, ४०० वगैरे. अर्ध्या सेकंदापेक्षा छोटी शांतता सोडून द्यायला सांगितलं, नाहीतर ट्रॅकचा भुगा होतो. तुकड्यांच्या टोकांना छोटे फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) लागतातच, नाहीतर टक् टक् ऐकू येतं.

पखवाज आणि टाळ चालू असताना बुवांचा ट्रॅक मध्येच रिकामा झाला तरी कोणाला कळत नाही. सुरुवातीच्या आलापात मात्र पेटी आणि बुवा दोघंच, तिथे पंखा अचानक गायब झाला की कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं. तो आलाप मी जसाच्या तसा ठेवला, पंख्यासकट. माझ्या मते पखवाजाच्या ट्रॅकवर तर हे करूच नये, थापेची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कापली की लाकडी खोका बडवल्यासारखा वाजतो.

खोकला मात्र कुठलंच सेटिंग काढत नाही, तो चांगला मोठ्ठा आवाज असतो. कोरसमधल्या एका काकांना नेमका गजर चढायला लागला की उबळ येते, त्यांचे तेवढे हाताने शोधून कापतोय अजून.