जबर की पेश

गोष्ट कोविडच्या आधीची. तेव्हा मी शारजात एका लहानशा ट्रान्सलेशन ऑफिसात होते. खाली कॅफेटेरिया, वर आम्ही आणि मधे कायम बंद पडणारी लिफ्ट. काम म्हणजे अरबी कागदांचं इंग्रजी करायचं नाहीतर इंग्रजीचं अरबी, आणि शिक्का मारून द्यायचा. भाडेकरार, ट्रेड लायसन्स, जन्मदाखले, दिवसाला पंधरा-वीस कागद, बरेचसे एकाच छापाचे, त्यामुळे डोकं फार चालवावं लागायचं नाही. ज्या बाईंची ही गोष्ट, त्यांची ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय, बाकी घडलं ते असंच.

गुरुवार होता. तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, म्हणजे आठवड्याचा शेवटचा दिवस, त्यात दुपारचा एक, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. एक बाई आल्या, बुरख्यात, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. रिसेप्शनवरच्या मुलाशी तोडकंमोडकं हिंदी बोलत होत्या आणि मधेच मुलीला म्हणाल्या, "गप ऱ्हव गो जरा." मी आतून मान वर केली. चिपळूणची आहे मी, हे "ऱ्हव गो" कुठल्या खाडीकाठचं ते मला बरोब्बर कळतं. बाहेर जाऊन म्हणलं, ताई, मराठीत सांगा, काय झालं? त्या आधी दचकल्या आणि मग जे बोलायला लागल्या ते थांबेचनात.

थोडक्यात असं, की नवऱ्याशी दोन वर्षं कोर्टात चाललंय, समेटाच्या बैठका झाल्या पण उपयोग शून्य, आणि आता कोर्टाचा एक अंतरिम आदेश आलाय. अरबीत. तो त्यांनी कुठल्याशा टायपिंग सेंटरमधून स्वस्तात इंग्रजी करून घेतला होता. त्यांना माझ्याकडून ट्रान्सलेशन नकोच होतं. त्यांना फक्त मुलीच्या जन्मदाखल्यावर शिक्का हवा होता, कारण शनिवारचं मुंबईचं तिकीट काढलेलं. मी विचारलं, आणि केसचं काय? त्या म्हणाल्या, "केस संपली मॅडम. त्यांच्या घरच्यांचा हुकूम झाला आता. आमच्या घरच्यांचाही हुकूम मागतायत, पण आमच्या हुकमाला कोण विचारतो?"

हे मला काही केल्या पटेना. कोर्ट चालू असताना सासरच्यांचा कसला हुकूम? म्हणलं, कागद दाखवा.

इंग्रजी कागदावर लिहिलेलं की कोर्टाने 'दोन जजमेंट' नेमायचं ठरवलंय, एक जजमेंट नवऱ्याच्या कुटुंबाकडून आणि एक बायकोच्या. आता जजमेंट नेमतात का? मशीनने केलेलं वाटत होतं, कोणी वाचलंसुद्धा नव्हतं. पण ह्या बाई नुसत्या त्या इंग्रजीवर विसंबल्या नव्हत्या, आणि मजा तिथेच आहे. लहानपणापासून कुराण वाचलेलं, उर्दू शाळेत शिकलेल्या, अक्षरं त्यांना येत होती. मूळ अरबी कागदावर बोट ठेवून त्यांनी मला वाचून दाखवलं, "हे बघा, हे, काफ, मीम. हुकूमच लिवलाय ना? मी सोताच्या डोळ्यांनी वाचला."

आणि अक्षरं (हे म्हणजे ह, काफ म्हणजे क, मीम म्हणजे म) खरंच तीच होती.

ज्यांना अरबी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोजच्या अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. नुसती व्यंजनं असतात, स्वर वाचणाऱ्याने आपले भरायचे. म्हणजे ह-क-म एवढंच लिहिलं असेल तर ते हुक्म (निकाल, आदेश) असू शकतं, हकम (लवाद) असू शकतं, हिकम (शहाणपणाच्या गोष्टी) असू शकतं, आणि हकम हे 'त्याने निकाल दिला' असं क्रियापदही असू शकतं, फक्त तेव्हा शेवटच्या म ला अ लागतो. चारही एकाच स्पेलिंगमधे. बाईंनी त्यात हुकूम वाचला कारण मराठीला आणि उर्दूला ह-क-म ह्या मुळातून (अरबीत बहुतेक शब्द अशा तीन व्यंजनांच्या मुळातून बनतात) तोच शब्द सगळ्यात जवळचा. कागदात होता तो हकम. कोर्ट दोन हकम नेमत होतं, एक त्याच्या घरचा आणि एक हिच्या घरचा, आणि तिच्या बाजूचं नाव पुढच्या तारखेला द्या म्हणत होतं. ती तारीख होती रविवारी. बाई शनिवारी विमानात बसणार होत्या.

मी पटकन "अहो हा हुकूम नाही, हकम आहे" म्हणून मोकळी झाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. बरोबरच आहे, टायपिंगवाल्याने एक सांगितलं, ही दुसरं सांगतेय, आणि हिला तर कुराण येतही नसणार. कपाळावर टिकली होती माझ्या.

आमच्याकडे एक सुदानी म्हातारे होते, कागद तपासायला. आम्ही सगळे त्यांना उस्ताज म्हणायचो (आपला उस्ताद, फारसीतून दोन्हीकडे गेलेला). ते जेवणाचा डबा उघडता उघडता तिथूनच म्हणाले, तिला कुराणातली निसा सूरा (अध्याय) उघडायला सांग, पस्तिसावी आयत (वचन). डोक्यात आलंच नव्हतं माझ्या! कोर्टाची ही वाक्यरचना थेट तिथूनच उचललेली असते. नवराबायकोत फूट पडेल अशी भीती असेल तर त्याच्या घरातला एक हकम आणि तिच्या घरातला एक हकम पाठवा, असं तिथे आहे. आणि कुराणात स्वरांच्या खुणा असतात, जवळजवळ प्रत्येक अक्षरावर, वाचताना चूक होऊ नये म्हणून.

बाईंनी मोबाईलवर ॲप काढलं. आयत सापडली. बोट ठेवून हळूहळू, मुलांना शिकवतात तसं हिज्जे करत वाचायला लागल्या. हे जबर ह. काफ जबर क. मीम दोन जबर मन. हकमन. मग थांबल्या. परत वाचलं. आणि म्हणाल्या, "पेश नाय. जबर हाय." (जबर म्हणजे अ, पेश म्हणजे उ.) हुकूम व्हायला ह वर पेश पाहिजे होता. कितीतरी वेळा पढलेली आयत असणार ती त्यांची, मीच आपली येडी त्यांना समजवायला निघाले होते.

"पण मग हकम म्हणजे कोण?" आता आली का पंचाईत. कायद्याच्या मराठीत लवाद म्हणतात, पण लवाद म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर कृष्णेचं पाणी येतं. मी शब्द शोधत बसले आणि नजर गेली रिसेप्शनवरच्या टीव्हीकडे, तिथे आवाज बंद करून कुठलीतरी फुटबॉल मॅच लागलेली. फुटबॉलच्या रेफरीला अरबीत काय म्हणतात? हकम. म्हणलं, ताई, पंच! गावात भांडण मिटवायला बसतात तो पंच आणि क्रिकेटमधला पंच, आपल्याकडेही एकच शब्द आहे की. तुमच्या घरचा एक पंच, त्यांच्या घरचा एक पंच. दोघांनी बसायचं, दोन्हीकडचं ऐकायचं, जुळवता आलं तर जुळवायचं, नाही तर कोर्टाला रिपोर्ट द्यायचा.

त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि मिनिटभर काही बोलल्याच नाहीत. मग एकदम, "म्हंजे कोनी हुकूम दिलाच नाय अजून?"

नाही दिला, आणि द्यायचा तर तो शेवटी जज देणार. तिथल्या 2005 च्या कायद्यात हे होतंच, की आधी समेट, मग दोन हकम, शक्यतो नात्यातले, आणि चूक कोणाची किती हे ते बघणार, कारण त्यावर मेहेरचं (लग्नात नवऱ्याने बायकोला कबूल केलेल्या रकमेचं) काय होणार ते ठरायचं. सगळी चूक नवऱ्याची निघाली तर बाईचे हक्क शाबूत, तिची निघाली तर तिला पदरचं द्यावं लागायचं. आपल्या बाजूचा पंच न देता निघून जाणं म्हणजे काय ते आता त्यांनाही कळलं. तिकीट रद्द केलं, पैसे किती कापले ते ऐकून माझ्याच पोटात गोळा आला.

त्या संध्याकाळी घरी जायचं सोडून मी आणि उस्ताज ह-क-म वरच बसलो. हान्स वेरच्या अरबी-इंग्रजी डिक्शनरीत एका मुळाचे सगळे शब्द एकाखाली एक मिळतात, म्हणजे महकमा (कोर्ट) शोधायचा तर म मधे जायचं नाही, ह मधे जायचं. शिकताना ह्यानेच आम्ही रडकुंडीला आलो होतो. लिसान अल-अरब ह्या जुन्या अरबी कोशात तर आणखीन गंमत, तिथे मुळाच्या शेवटच्या अक्षराने लावलंय, म्हणजे ह-क-म बघायला आधी म काढायचा. उस्ताजना मात्र बघावं लागायचंच नाही. ते म्हणाले, इब्न फारिसने (दहाव्या शतकातला, मुळांचे मूळ अर्थ खणून काढणारा माणूस) ह-क-मला एकच अर्थ दिलाय: अडवणं, रोखणं. हुक्म कशाला, तर अन्यायाला रोखतो म्हणून. हिक्मा म्हणजे शहाणपण, ते अज्ञानाला रोखतं म्हणून. आणि लगामाचा जो भाग घोड्याच्या जबड्याभोवती येतो त्याला म्हणतात हकमा, कारण तो जनावराला आवरतो. जरीर नावाच्या कवीची ओळ त्यांनी म्हणून दाखवली, बनू हनीफा टोळीवाल्यांनो, आपल्या मूर्खांना आवरा, मला राग यायची भीती वाटते. तिथलं 'आवरा' हे ह्याच मुळातलं.

मी चकित झाले ते ह्यासाठी, की मराठीने ह्या मुळातून काय उचललं ते बघा. हुकूम, हुकमत, हाकीम. पत्त्यात हुकमाचा एक्का, कोर्टात हुकूमनामा, आणि कळस म्हणजे हुकूमशहा. ज्या मुळाचा अर्थ लगाम, त्यातून आपण ज्याला कसलाच लगाम नाही त्याचं नाव बनवलं! हकीम तेवढा औषध देणारा म्हणून आला आणि हिकमत युक्ती म्हणून, बाकी सगळी सत्ता. साहजिकच आहे म्हणा, हे शब्द आपल्याकडे फारसीतून दरबाराच्या वाटेने आले, दरबाराला पंच कशाला हवा होता. हकम मराठीत आलाच नाही, त्यामुळे कुराणाबाहेर त्या बाईंच्या कानाला तो कधी ऐकूच आला नव्हता.

अरबीत मात्र हे मूळ अगदी रोजच्या गोष्टींत आहे. अमिरातीचा शासक हाकिम, सरकार हुकूमा, टीव्हीचा रिमोट कागदोपत्री 'जिहाज तहक्कुम'. वेलदोड्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तो घट्ट म्हणजे मुहकम. आणि निकालपत्रात जिथे खरा निकाल सुरू होतो तिथे असतं 'हकमत अल-महकमा', कोर्टाने निकाल दिला, क्रियापदही त्यातलं आणि कर्ताही त्यातलाच.

उस्ताज जाता जाता म्हणाले, हकम आणि हुक्म ह्यात फरक करताना मोठमोठ्यांची भांडणं झालीत, तुझी ती बाई काय घेऊन बसलीस. त्यांचा रोख सिफ्फीनच्या लढाईकडे होता. 657 साली तिथे चौथे खलिफा अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया ह्यांच्या लढाईनंतर दोन्हीकडून एकेक हकम नेमायचं ठरलं, आणि अलींच्याच बाजूचे काही लोक उसळले, की हुक्म फक्त अल्लाचा, माणसं कोण हकम होणारी? ते बाहेर पडले म्हणून खवारिज. आपल्या 'अर्ज खारीज' मधला खारीज तोच. हे ऐकताना मी मनात आमच्या बिल्डिंगच्या सोसायटीची मीटिंग आठवत होते हे त्यांना सांगितलं नाही.

दुरुस्त ट्रान्सलेशन मी शनिवारी सुट्टीत करून दिलं, रविवारी त्यांनी नाव दिलं. अबूधाबीत राहणाऱ्या मामूंचं, साठीचे, पूर्वी डॉकवर फोरमन. सोमवारी त्यांचा मला फोन. भाचीने नंबर दिला म्हणाले, आणि आवाजात जाम टेन्शन.

"मॅडम, तितं जाऊन मना हुकूम द्यायचाय काय? मी कदी कोनाला हुकूम दिलेला नाय, घरातसुदा बायकोच देते."

म्हणलं मामू, हुकूम नाही, पंच व्हायचंय तुम्हाला.

"पंच? मंग तसा सांगा ना! गावाला टेनिस बॉलच्या मॅचा होत्यात त्यात मी दहा वर्सं उबा ऱ्हायलोय." एकदम मोकळे झाले. मग जरा विचार करून, "पन त्यांचा पंच त्यांच्या साईडचा, मी हिच्या साईडचा. आमचं जमला नाय तर?"

कायद्यात त्याचीही सोय होती. दोन हकमांचं एकमत झालं नाही तर जज दुसरे नेमतो, नाहीतर एक तिसरा हकम घालतो, पारडं एका बाजूला झुकवायला. मी हे सगळं नीट, कलमाच्या भाषेत समजावून सांगत होते आणि त्यांनी मला मधेच तोडलं.

"कळला. थर्ड अंपायर."