जानापावहून आलोय, बुटांची माती निघत नाहीये

रविवार, रात्रीचे 11:30

पाय ठणकतायत, झोप येत नाही म्हणून लिहितोय. सकाळी पोहे खाऊन इंदूरहून बसने महूच्या पुढे जानापावची टेकडी, फील्ड ट्रिप. चंबळचा उगम! मला वाटलेलं काहीतरी धो-धो असेल, तर एक कुंड, बास. इथून निघून ही बाई साडेनऊशेच्या वर किलोमीटर जाऊन यमुनेला भेटते म्हणे.

मग सरांनी सगळ्यांना उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. समोर पडलेला पाऊस चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात आणि पाठीमागचा कारम नदीतून नर्मदेत, म्हणजे अरबी समुद्रात. जलविभाजक. नोट्समध्ये ही एक तुटक रेष होती हो, पेपरात मी ती स्केलने काढायचो! अंगावर काटा आला, मग बाजूचे सगळे सेल्फी काढत होते म्हणून मीपण काढला.

दुपारी पायथ्याच्या गावात सर्व्हे. एका आजींच्या ओट्यावर बसून मी फॉर्म उघडला, पाण्याचा स्रोत काय, घरापासून किती लांब वगैरे. उन्हाळ्यात विहीर आटते म्हणाल्या, मग डोक्यावरून हंडे. मी शहाण्यासारखं म्हटलं, अम्मा इतनी नदियाँ तो यहीं से निकलती हैं. त्या हसल्या, "निकले है बेटा, रुके नी." आणि मला प्यायला तांब्याभर पाणी दिलं. ते पिताना कसंतरीच झालं. पुढचा रकाना मासिक उत्पन्नाचा होता, विचारायची हिंमतच झाली नाही, कोरा ठेवलाय, उद्या सर ओरडणार.

घरी आलो तर आईने बूट बाहेरच काढायला लावले. काळी माती, ओली झाली की फुगते (5 मार्कांचा प्रश्न!), मी नळ सोडून घासत बसलो. आणि घासताघासताच डोक्यात आलं की हे नर्मदेचं पाणी, नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर पंपांनी घाट चढवून इंदूरला आणलेलं, म्हणजे सकाळची ती रेष ओलांडून. आता मोरीतून नाल्यात, नाल्यातून कान्ह नदी, मग क्षिप्रा, मग चंबळ. अरबी समुद्राचं पाणी मी बुटांसाठी बंगालला पाठवत होतो.

"अरे नळ बंद कर की, झोपलास का तिथे?" आई आतून.

केला. एक बूट तसाच राहिलाय.