कळतं का गं मनातलं?

नजरेवर काम करते म्हटलं की बडोद्याच्या दांडिया बाजारात लग्न असो, मुंज असो, नाहीतर सेव-उसळची गाडी, प्रश्न एकच येतो: ‘डोळे कुठे फिरतात ते बघून माणसाच्या मनातलं कळतं का गं?’ पाठोपाठ एखादे काका हळूच म्हणतात, ‘आमच्या हिला लावून बघ की एकदा.’ बरीच वर्षं हसून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते.

नाही कळत.

आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं माझं यंत्र, डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. बुबुळावर पडलेली चमक आणि मधली बाहुली, यांच्यावरून नजर पडद्यावर कुठे आहे याचा हिशोब करतो. एका वेळी स्वच्छ दिसतं ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढं. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारतो आणि मध्ये पाव सेकंद टेकतो. मला मिळतात त्या टेकण्याच्या जागा. मन त्या जागेवर होतंच असं नाही. समोर फळ्याकडे बघत शेजाऱ्याचा पेपर टिपणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. 2013 सालच्या एका प्रयोगात 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमधल्या गाठी शोधायला सांगितलं होतं. स्कॅनमध्ये एक गोरिला चिकटवला होता. 20 जणांना तो दिसलाच नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती.

हे मी वर्गात शिकवते. तरीही.

प्रयोगाची रंगीत तालीम होती, माणूस मिळेना, म्हणून वडिलांना, नानांना बसवलं. चित्रांमध्ये मुद्दाम आमच्या वाड्यातल्या गणपतीचा जुना फोटो घातला. त्यात मूर्तीला खेटून दादा बसलाय. दादा भांडून सुरतेला गेला त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, नानांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. फोटो सहा सेकंद दाखवला. जवळजवळ तीन सेकंद नजरेचा लाल डाग दादाच्या चेहऱ्यावर. मी त्याची प्रिंट काढून आईला दिली. मी काय म्हणाले तेही आठवतं: ‘बघ, मशीन खोटं बोलत नाही.’

आईने रात्रीच फोन केला. दादा सकाळच्या गाडीने आला, पेढे घेऊन. नानांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं नाही. दादा तासभर ओटीवर बसला आणि संध्याकाळची गाडी धरून गेला. पेढ्यांची दोरीसुद्धा सुटली नाही.

नंतर मी प्रिंट पुढे केली तेव्हा नाना म्हणाले, ‘मी सोंड बघत होतो. उजवी की डावी ते.’

मग मी नोंदी उघडल्या. नानांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, एकाच काचेत जवळचा-लांबचा नंबर असलेला; आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र त्यांच्या डोळ्याशी जुळवून घेणं, एका अंशाहून जास्त चुकलेलं. ते मला त्याच दिवशी पडद्यावर दिसलं होतं. ‘चहा गार होतोय’ म्हणून ते घाई करत होते आणि मी पुढे रेटलं. साठ सेंटीमीटरवरून एक अंश म्हणजे एक सेंटीमीटर. फोटोत दादाचा गाल आणि सोंड यांत तेवढंही अंतर नाही.

तेव्हाची मी अजून भांडते: नानांचं तरी खरं कशावरून? आपण कुठे बघत होतो हे माणसांना स्वतःला धड सांगता येत नाही, हेही प्रयोगांतून दिसलेलंच आहे. बरोबर आहे तिचं. पण भावाला बोलावून घ्यायला तेवढं पुरेसं नव्हतं, आणि फोन आईने केला असला तरी बोलावलं मीच.

परवा तो फोटो मोठा करून पाहिला. सोंड दिसतच नाही, जास्वंदीच्या हाराखाली झाकलीय. नानांना तसं सांगितलं.

‘म्हणूनच तर बघत होतो,’ म्हणाले.