एका उणे चिन्हापायी तीन आठवडे

एमएस्सीच्या प्रकल्पाला सीएमबी, म्हणजे आदिविश्वातून आजही येणारा सूक्ष्मलहरींचा मंद प्रकाश, घेतलं, कारण डेटा फुकट आणि कोडही फुकट. त्याचे प्लांक या अवकाश दुर्बिणीने केलेले नकाशे खरोखरच घरबसल्या उतरवता येतात. अडलं ते भलतीकडेच.

काम सांगायला सोपं. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटलेल्या या प्रकाशाच्या वाटेत ॲक्सिऑनसारख्या अतिहलक्या कणांचं क्षेत्र असेल, तर प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे त्याची लहर ज्या दिशेत कंपते तिची, दिशा किंचित फिरते. चुंबकीय क्षेत्रही ती फिरवतं, पण ते फॅरडे वळण वारंवारतेच्या वर्गाने घटतं: १०० गिगाहर्ट्झला जेवढं, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा २१७ ला. ॲक्सिऑनमुळे येणारं वळण सगळीकडे सारखंच. म्हणून वारंवारतेचे चॅनेल वेगवेगळे घ्यायचे आणि ध्रुवीकरणाच्या ई (आरशात तसाच दिसणारा) व बी (आरशात उलटणारा) या दोन नमुन्यांचा सहसंबंध तपासायचा, कारण दिशा फिरली की ईचा थोडा अंश बीमध्ये जातो.

माझा बी नमुना आलेखात ईएवढाच उंच आला! तो त्याच्या कितीतरी खाली असायला हवा. सर म्हणाले, "मास्क बघ." मास्कने आकाशगंगेचा भाग झाकला की ईचा थोडा अंश बीमध्ये गळतो, हे खरं. मास्कच्या कडा मऊ केल्या, मग आणखी मऊ केल्या. संगणकांच्या क्लस्टरवर प्रत्येक खेपेला दीड-दोन दिवस रांग. बी ढिम्म. मग बीमवर (दुर्बिणीमुळे येणाऱ्या धूसरपणाच्या दुरुस्तीवर) संशय, मग पिक्सेल विंडोवर (पिक्सेलमुळे येणाऱ्या धूसरपणाच्या दुरुस्तीवर), मग स्वतःच्या अकलेवर. सगळ्यात चीड कसली, तर मी स्वतः बनवलेलं खोटं आकाश त्याच कोडमधून अगदी स्वच्छ बाहेर पडत होतं. एक अंश फिरवून घातलं की एक अंशच परत मिळायचा. म्हणजे कोड बरोबर, आणि प्लांक चूक? असं मी सरांना बोलूनही बसलो.

तिसऱ्या आठवड्यात कळलं. वेळ वाचवायला मी मूळ फाइल न घेता आधीच्या कुणीतरी विभेदन (रिझोल्यूशन) कमी करून ठेवलेली प्रत उचलली होती. नकाशात ध्रुवीकरण क्यू आणि यू अशा दोन आकड्यांत लिहितात, आणि ते अक्ष कसे धरले यावर ठरतात. खगोलशास्त्रज्ञांचा एक्स अक्ष उत्तरेकडे, हीलपिक्सचा (आकाशाचे नकाशे पिक्सेलमध्ये मांडायच्या पद्धतीचा) दक्षिणेकडे. वाय दोघांचाही पूर्वेकडे. त्यामुळे एका रिवाजातून दुसऱ्यात जाताना क्यू तसाच राहतो, यूचं चिन्ह उलटतं. त्या भल्या माणसाने यू उलटवला आणि हेडरमधली (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतली) रिवाज सांगणारी ओळ मात्र उडवली. चिन्ह चुकलं की ईची निम्मी शक्ती बीमध्ये जाते, मास्क असो वा नसो. यूला उणे एकने गुणलं, बी खाली बसला. मी उठून चहा प्यायला गेलो, कुणाशी बोललो नाही.

तर प्रत घेऊ नका, मूळ फाइलच घ्या. प्लांकच्या हेडरमध्ये रिवाज लिहिलेला असतो. आणि पूर्ण विभेदनाची घाई नको. त्या नकाशात पाच कोटींवर पिक्सेल असतात, कोड छोट्या नकाशावर बसवा.

हो, एक राहिलंच, आणि हे आधी सांगायला हवं होतं. उपकरणातला शोधकच किंचित तिरका बसला असेल, तर तोही अगदी ॲक्सिऑनसारखाच दिसतो. मिनामी आणि कोमात्सु या संशोधकांनी २०२० मध्ये आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा प्रकाश वापरून हे दोन वेगळे केले, कारण तो जवळचा, त्याला फिरायला वाटच नाही. त्यांना ०.३५ अंश वळण मिळालं, अनिश्चितता ०.१४. माझ्याकडे तेवढा वेळ उरला नव्हता, त्यामुळे माझ्या उत्तरात तिरकेपणा आणि ॲक्सिऑन एकत्रच आहेत. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न नेमका त्यावरच आला.